सर चंद्रशेखर वेंकट रामन : अंधुक प्रकाशाचा शोध



दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. काही वर्षं मी फळ्यावर लिहायचे की समुद्र निळा का दिसतो हे शोधलं म्हणून रामन यांना नोबेल मिळालं. हे बरोबर नाही, हे मला उशिरा कळलं. म्हणून हा पाठ नव्याने लिहिते आहे.

बालपण व शिक्षण

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व भौतिकशास्त्र शिकवत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून ते १९०४ मध्ये बी. ए. आणि १९०७ मध्ये एम. ए. झाले.

नोकरी सांभाळून संशोधन

त्याच वर्षी त्यांना कलकत्त्यात सरकारच्या अर्थखात्यात चांगल्या पगाराची नोकरी लागली. पण मन प्रयोगात. ऑफिसच्या आधी आणि नंतर ते बहूबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत काम करत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. पुढे १९१७ मध्ये ही नोकरी सोडून रामन कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

समुद्रापासून सुरुवात

१९२१ मध्ये इंग्लंडच्या बोटप्रवासात त्यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. तो नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नाही, पाणी स्वतःही प्रकाश विखुरतं, हे त्यांनी दाखवलं. इथे प्रश्न संपला नाही, खरं तर सुरू झाला. पुढची सात वर्षं ते व त्यांचे विद्यार्थी वेगवेगळ्या द्रवांतून प्रकाश सोडून पाहत राहिले.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी उत्तर हाती आलं. या कामात के. एस. कृष्णन यांचा मोठा वाटा होता. बहुतेक प्रकाश विखुरताना आपला रंग बदलत नाही. पण अगदी थोडा प्रकाश रेणूच्या कंपनाला आपली थोडी ऊर्जा देतो आणि रंग बदलून बाहेर पडतो. हाच रामन परिणाम. प्रत्येक पदार्थात हा बदल वेगळा, जणू बोटांचे ठसेच! रामन आणि कृष्णन यांनी सुमारे ६० द्रव तपासले होते. १९३० चं नोबेल पारितोषिक या शोधासाठी होतं.

चांदीची मदत

अडचण एकच होती. हा बदललेला प्रकाश फारच अंधुक, साधारण कोटी कणांत एखादा. पदार्थ अगदी थोडा असेल तर तो सापडायचाच नाही. १९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदम्पटन येथे संशोधकांना खरबरीत केलेल्या चांदीवर पिरिडीन या रसायनाचा संकेत आश्चर्यकारक ठळक मिळाला. १९७७ मध्ये कळलं की चांदीमुळे तो सुमारे एक लाख ते दहा लाख पट वाढतो. चांदीच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांवर प्रकाश पडला की तिथले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात आणि जवळच्या रेणूचा प्रकाश वाढवतात. पैंजणासारखी गुळगुळीत चांदी इथे चालत नाही. आता चांदीच्या सूक्ष्म कणांच्या मदतीने फळांवरच्या कीटकनाशकांचे अंशही शोधता येतात.

अखेरची वर्षे

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९४८ मध्ये त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचं निधन झालं. चांदीची ही करामत पाहायला ते नव्हते. अवघी चार वर्षं कमी पडली.

वर्गात सांगताना

मुलांना तारखा पाठ करायला लावण्याआधी एवढं नक्की सांगूया की समुद्र हा प्रश्न होता, नोबेल त्याच्या पुढच्या शोधाला मिळालं. आणि शेवटच्या बाकावरून हळू आवाजात एखादा प्रश्न आला, तर पोर्शन संपवायच्या घाईत तो हरवू देऊ नका. मी असे बरेच प्रश्न हरवले आहेत.