नागपूरहून निघालेल्या रेल्वेत एक पुस्तक हातात पडलं आणि ना. वा. टिळकांचं अख्खं आयुष्य पालटलं

सकाळी मोबाईल उघडला की ख्रिस्ती मित्रांच्या स्टेटसला हमखास एक गोष्ट दिसते. बायबलमधलं एखादं वचन. खाली मत्तय, योहान किंवा स्तोत्रसंहिता असं लिहिलेलं आणि पुढे आकडे. नागपूर असो, अहिल्यानगर असो की वसई, कित्येक ख्रिस्ती घरांत दिवसाची सुरुवात असा एखादा उतारा वाचूनच होते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रोज रोज तेच पुस्तक वाचून नवीन काय मिळत असेल?

याचं उत्तर शोधायचं तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात. तिथं तिशी ओलांडलेला एक चित्पावन ब्राह्मण कवी बसला होता. नाव नारायण वामन टिळक.

शाळेत ज्यांची केवढे हे क्रौर्य ही कविता वाचून डोळ्यांत पाणी यायचं, फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांना ओळखलं जातं, तेच हे रेव्हरंड टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा. गाव कोकणातलं करजगाव, रत्नागिरी जिल्ह्यातलं. आईवर त्यांचा फार जीव, वडील मात्र तापट. आई लवकर गेली आणि पोरसवदा नारायणाचं घरावरचं मन उडालं. तो थेट नाशिकला पोचला. तिथं गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, कविता करायला लागला, वक्तृत्वात नाव काढलं.

पुढे लग्न झालं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची बायको. लग्नाच्या वेळी ती अकरा-बारा वर्षांची. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली, स्मृतिचित्रे लिहिणारी.

पण टिळकांचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा कुठेच नाही. खिशात पैसा टिकत नव्हता. असला तर समोरच्या गरजूला देऊन मोकळे व्हायचे. घर चालवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर आणि त्यांच्या माहेरच्यांवर.

आणि मग नागपूर आलं

१८९१ च्या आसपास टिळकांना नागपुरात काम मिळालं. शहरातले श्रीमंत आणि विद्येची आवड असणारे आप्पासाहेब बुटी यांच्याकडे. काम होतं संस्कृतातलं, विशेषतः वैदिक साहित्याचं संपादन आणि भाषांतर. टिळकांसाठी हे सोन्यासारखं काम होतं.

पण डोक्यात वेगळाच प्रश्न घोळत होता. जातिभेद त्यांना पटेनासा झाला होता. देव एक असेल तर माणसामाणसांत एवढी उतरंड कशाला, हे त्यांना सुटत नव्हतं. भारतासाठी एखादा नवाच धर्म उभा करावा का, इथपर्यंत विचार गेला होता. त्याची तत्त्वंही त्यांनी मनाशी मांडून बघितली होती.

तेव्हा हे लक्षात घ्या, की टिळक कुणी भोळसट माणूस नव्हता की कुणीतरी येऊन गुंडाळून न्यावं. वेद-उपनिषदं कोळून प्यायलेला, वादात भल्याभल्यांना गप्प करणारा पंडित होता.

नागपूर ते राजनांदगाव ही रेल्वे १८८२ मध्ये सुरू झाली होती. पुढे ती बंगाल नागपूर रेल्वेकडे गेली. राजनांदगाव हे तेव्हा संस्थान होतं, आज छत्तीसगडमध्ये आहे. १८९३ च्या सुमारास टिळक नोकरीसाठी तिकडे निघाले होते.

डब्यात समोर एक युरोपीय प्रवासी होता. तो काळ म्हणजे गोरा साहेब डब्यात असला की देशी माणसानं अंग चोरून बसायचा. पण या माणसानं सरकून जागा दिली, आदरानं चौकशी केली. मग गप्पा रंगल्या. विषय निघाला संस्कृत काव्याचा. बोलता बोलता गाडी धर्मावर आली आणि टिळकांनी आपल्या मनातलं सगळं सांगून टाकलं.

उतरायच्या आधी त्या माणसानं टिळकांच्या हातात एक पुस्तक ठेवलं. नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग. मनापासून अभ्यास केलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. टिळकांना ते काही पटलं नाही, पण वाचायचं मात्र कबूल केलं.

वाचायला बसले, पण आवडेना

गंमत म्हणजे पहिल्यांदा पुस्तक उघडलं तेव्हा टिळकांना ते फारसं रुचलं नाही. नव्या कराराची सुरुवात होते मत्तयाच्या शुभवर्तमानानं आणि मत्तयाची सुरुवात होते एका लांबलचक वंशावळीनं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. कालिदास-भवभूतीवर पोसलेल्या माणसाला यात काय रस?

पण टिळकांची एक सवय होती. हातात घेतलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं आणि महत्त्वाच्या जागी पेन्सिलीनं खूण करायची. शिवाय शब्द दिलेला. म्हणून ते वाचत राहिले.

असं करत ते पाचव्या अध्यायाला पोचले. मत्तयाचे ५, ६ आणि ७ हे तीन अध्याय म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन. तिन्ही मिळून १११ वचनं आहेत. सावकाश वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतात. त्यात काय आहे? वैऱ्यावरही प्रेम करा. दान करताना गाजावाजा करू नका. प्रार्थना करायची तर दार लावून करा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघा. उद्याची काळजी उद्यावर सोडा.

इथं टिळक थांबले. पुढे जाववेना. जे प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांत सुटत नव्हते त्यांची उत्तरं या तीन अध्यायांत साध्या बोलण्यात मिळतायत, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ख्रिस्ती धर्मावरची आणखी पुस्तकं मिळवली, पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या.

ख्रिस्ती माणूस रोज बायबल का वाचतो, याचं मर्म इथं सापडतं. हे वाचन माहिती गोळा करण्यासाठी नसतं. वाचलेलं वचन आज आपल्याला काय करायला सांगतंय, हा खरा सवाल असतो.

म्हणूनच त्याची पद्धतही ठरलेली असते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात बायबल पूर्ण होतं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट मरे मॅक्चेन या तरुण पाळकानं १८४२ मध्ये तयार केलेलं वर्षभराचं वेळापत्रक आजही जगभर वापरलं जातं. कॅथलिक चर्चमध्ये रोजच्या मिस्साचे उतारे आधीच नेमलेले असतात. रविवारचे उतारे तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, तर इतर दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या. त्यामुळे एकाच दिवशी नागपूरच्या चर्चमध्ये आणि ब्राझीलच्या चर्चमध्ये सहसा तोच उतारा वाचला जातो.

वाचनाची किंमत मोजावी लागली

टिळकांनी आपल्याला पटलं ते लपवून ठेवलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रेल्वेतल्या प्रवाशानं सांगितलेली मुदत जवळपास तंतोतंत खरी ठरली.

पण त्या काळी ब्राह्मणानं ख्रिस्ती होणं म्हणजे काय होतं? घरच्यांच्या दृष्टीनं तो माणूस मेल्यातच जमा. लक्ष्मीबाईंना बातमी कळली आणि त्या अक्षरशः कोसळल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पंढरपुरात राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही, अशी अवस्था. चार-पाच वर्षं अशीच गेली.

इथं टिळकांच्या बाजूनं सगळं गोड बोलून चालणार नाही. त्यांना सत्य सापडलं असेल, पण त्याचा सगळ्यात मोठा भार उचलला तो बायकोनं, तिला न विचारता. ज्या तीन अध्यायांत प्रेमाचं एवढं सांगितलंय, ते वाचून घेतलेल्या निर्णयानं एका बाईचं घर मोडलं. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सगळं स्मृतिचित्रेमध्ये लिहिलं. त्यात नवऱ्याचा मोठेपणा आहे आणि त्याचा विक्षिप्तपणाही आहे. दोन्ही हसत हसत सांगितलेलं.

टिळकांनीही बायकोला सोडलं नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले, धर्माची सक्ती केली नाही. अखेर लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या. आल्या त्या आपलं सोवळं सांभाळूनच. जातपात माणसानं केली की देवानं, यावर त्यांनी स्वतःच्या डोक्यानं विचार केला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पुस्तकातलं गाण्यात आलं

नगर म्हणजे आजचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचं हे मोठं केंद्र. टिळक तिथं शिकवू लागले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. इथं त्यांना एक गोष्ट खटकली. चर्चमधली बरीच गाणी इंग्रजी चालीवर बेतलेली भाषांतरं होती. शब्द मराठी, पण चाल परकी. खेड्यातल्या माणसाच्या ओठांवर ती बसायची कशी?

टिळक वारकऱ्यांच्या मुलखातले. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचं अपार प्रेम. आपण तुकोबांच्या पुलावरून चालत ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग, ओव्या, भजनं लिहिली. टाळ-मृदंगावर गाता येतील अशी. उपासना संगीत या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात त्यांच्या गाण्यांचा वाटा मोठा आहे.

त्याचा फायदा असा झाला की ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापर्यंतही बायबल पोचलं. वाचणाऱ्यानं वचन वाचावं, न वाचणाऱ्यानं तेच भजनातून म्हणावं.

१९१२ पासून शेवटपर्यंत ज्ञानोदय या जुन्या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. १९०९ मध्ये टिळकांनी येशूचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलं. नाव ठेवलं ख्रिस्तायन. पण दहाएक अध्यायांच्या पुढे ते जाऊ शकले नाहीत.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही इथं जागा होती. ख्रिस्ताच्या मागे जायला आपला देश, आपली भाषा, आपले संत सोडावे लागत नाहीत, हे त्यांना दाखवायचं होतं.

हा प्रयोग रुजायच्या आतच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं.

पण गोष्ट इथं संपत नाही

अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी हातात घेतलं. ज्या बाईचं शिक्षण शाळेत झालंच नाही, जोडाक्षरं लिहिताना जिची दमछाक व्हायची, तिनं साठाहून जास्त अध्याय लिहिले. ज्या पुस्तकानं एकेकाळी तिचा संसार मोडला होता, त्याच पुस्तकातली गोष्ट ती ओवीत बांधत होती. १९३६ मध्ये त्याही गेल्या. १९३८ मध्ये ख्रिस्तायन पुस्तकरूपात आलं, तेही मुलगा देवदत्त याचा हात लागून.

नागपूरहून राजनांदगावकडे आजही रोज गाड्या सुटतात. डब्यात बहुतेकांच्या हातात मोबाईल असतो आणि कुणाच्या तरी स्क्रीनवर सकाळी आलेलं एखादं वचनही असतं. ते पुढे ढकलायला एक सेकंद लागतो. टिळकांचं तसं झालं नाही. ते एका जागी थांबले, पेन्सिलीनं खूण केली, आणि मग तिची किंमत मोजत उरलेलं आयुष्य जगले.