दिवाणपद गेले, संग्रह उरला

हैदराबादेत मुसी नदीच्या दक्षिण काठावरील सालारजंग संग्रहालयात दर तासाला एक गर्दी जमते. तास पुरा व्हायला काही मिनिटे उरली की दालनादालनांतून विखुरलेले प्रेक्षक एका जुन्या घड्याळासमोर येऊन बसतात. घड्याळातील लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. नेमक्या क्षणी एक छोटासा दाढीवाला पुतळा दार उघडून बाहेर येतो, तासाइतके टोल देतो आणि पुन्हा आत जातो. कोलकात्याच्या कुक अँड केल्वी या पेढीचे हे घड्याळ गोव्यातून हैदराबादला गेलेल्या बहुतेक पर्यटकांनी पाहिलेले असते. ज्या माणसाच्या नावाने हे संग्रहालय ओळखले जाते, त्याच्या आयुष्याविषयी मात्र घड्याळासमोर बसलेल्यांपैकी थोड्यांनाच माहिती असते.

नवाब मीर युसुफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. वडील मीर लाइक अली खान, दुसरे सालारजंग, हे निजामाचे माजी दिवाण होते. मुलाच्या जन्मानंतर महिनाभरातच, ऐन तारुण्यात त्यांचा मृत्यू झाला. दक्षिणेतील एका मोठ्या जहागिरीचा वारस अशा रीतीने पाळण्यातच पोरका झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी या मुलाकडे लक्ष पुरवले, आणि तो वयात येईपर्यंत जहागिरीचा कारभार सरकारी देखरेखीखाली राहिला. त्यांचे शिक्षण निजाम कॉलेजात झाले.

घराण्याचा लौकिक मोठा होता. निजामाच्या दरबाराला या घराने एकापाठोपाठ एक दिवाण दिले. त्यांतील सर्वांत कर्तबगार म्हणजे युसुफ अलींचे आजोबा मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग. १८५३ पासून १८८३ पर्यंत, तब्बल तीस वर्षे, त्यांनी दिवाणपद सांभाळले आणि विस्कटलेल्या महसुली कारभाराची घडी बसवली. वस्तू जमवण्याची आवडही घरात त्यांच्यापासूनच दिसते. १८७६ साली युरोपच्या प्रवासात असताना रोम येथे त्यांनी बेन्झोनी या शिल्पकाराने घडवलेली रिबेकाची संगमरवरी मूर्ती विकत घेतली. बायबलमधील ही नववधू चेहऱ्यावर झिरझिरीत बुरखा घेऊन उभी आहे. बुरखा आणि त्याआडचा चेहरा दोन्ही एकाच दगडात कोरलेले आहेत, तरीही कापड ओले असावे असा भास होतो. नातवाला ही मूर्ती वारशाने मिळाली.

जहागीरही वारशानेच मिळाली. आज कर्नाटकात असलेला कोप्पळचा मुलूख तिच्यात होता आणि मराठवाड्यातील अजिंठा हे गावही होते. भारतातील सर्वांत जुन्या चित्रमालिकांपैकी एक ज्या डोंगरात रंगवलेली आहे, त्याच्या परिसरातील गावाचा जहागीरदार पुढे चित्रांचा आणि चित्रित ग्रंथांचा संग्राहक व्हावा, हा योगायोग मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणारा नाही.

१९११ साली मीर उस्मान अली खान सातवे निजाम झाले. पुढल्याच वर्षी त्यांनी युसुफ अलींना दिवाण नेमले. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. आजोबांच्या खुर्चीवर नातू बसला, तेव्हा राज्यात त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा असणे स्वाभाविक होते. पण काळ बदलला होता. नवे निजाम कारभाराची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवू पाहत होते आणि तरुण दिवाणाच्या वाट्याला अधिकार थोडा, जबाबदारी फार अशी स्थिती आली. १९१४ च्या अखेरीस युसुफ अली दिवाणपदावरून दूर झाले. त्यानंतर काही वर्षे निजामांनी दिवाण नेमलाच नाही.

वयाच्या पंचविशीत त्यांचे राजकीय आयुष्य संपले. घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जे काम केले, ते करण्याची वाट बंद झाली होती. हाताशी जहागिरीचे उत्पन्न होते, राहायला दिवाण देवडीचा विस्तीर्ण वाडा होता, आणि पुढे उभे आयुष्य पसरलेले होते. लग्न त्यांनी केले नाही. या रिकामपणात दुसरा एखादा नवाब शिकारीत आणि मेजवान्यांत बुडाला असता. युसुफ अली वस्तू जमवू लागले आणि पुढली पस्तीस वर्षे ते थांबले नाहीत.

विक्रेत्यांनाही हा गिऱ्हाईक लवकरच ठाऊक झाला. देशोदेशींचे व्यापारी आपला माल घेऊन दिवाण देवडीच्या दारात येऊ लागले. स्वतः नवाबही युरोपच्या प्रवासात खरेदी करत. जडे या हिरवट दगडाच्या कोरीव वस्तू, चिनी आणि जपानी मातीची भांडी, युरोपातील काच आणि तैलचित्रे, बिदरचे चांदीजडित काम, मुघल आणि दख्खनी लघुचित्रे, शस्त्रे, गालिचे, घड्याळे, हातात धरायच्या काठ्या, असे काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. जहांगीर आणि नूरजहान यांच्या नावाने ओळखले जाणारे खंजीर या संग्रहात आहेत, आणि टिपू सुलतानाच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या हस्तिदंती खुर्च्याही आहेत. ग्रंथांची आवड तर निराळीच होती. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखिते ते आस्थेने मिळवत राहिले. लेखकांना आणि कवींनाही त्यांचा आश्रय असे.

कलेच्या जाणकारांनी या संग्रहावर एक आक्षेप नेहमी घेतला आहे. त्यात निवड नाही, असे ते म्हणतात. अस्सल वस्तूच्या शेजारी नक्कल उभी आहे आणि दुर्मीळ खंजिराच्या पलीकडच्या दालनात बाजारात सहज मिळणारे शोभेचे सामान आहे. आक्षेप खरा आहे. एखाद्या काळाचा किंवा शैलीचा संग्रह पद्धतशीरपणे पुरा करावा, असा नवाबांचा हेतू दिसत नाही. जे डोळ्यांना भावले ते त्यांनी घेतले, आणि भावण्याची त्यांची कक्षा विलक्षण रुंद होती. मात्र याच गुणामुळे त्या काळी कोणत्याही शहाण्या संग्राहकाने हात लावला नसता अशा वस्तूही टिकल्या. संग्रहालयात मुलांचे एक स्वतंत्र दालन आहे आणि तिथे खेळणी आहेत. खेळणी हाताळली जातात, मोडतात आणि फेकली जातात, म्हणून जुनी खेळणी सहसा उरत नाहीत. इथे ती उरली.

क्षुल्लक मानलेल्या वस्तूचे मोल काळ कसे पालटतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण चित्रकथांच्या बाजारात सापडते. १९३८ साली अमेरिकेत सुपरमॅनची पहिली गोष्ट ज्या अंकात छापली गेली, त्याची किंमत दहा सेंट होती. मुलांनी तो वाचला, फाडला, रद्दीत घातला. ज्या थोड्या प्रती वाचल्या, त्यांतील एक २०१४ साली लिलावात ३२ लाख डॉलरना विकली गेली. आपल्याकडे १९६४ साली वेताळाच्या गोष्टीने सुरू झालेली आणि १९९० साली बंद पडलेली इंद्रजाल कॉमिक्सची माला आज अशीच शोधली जाते. हैदराबादच्या अबिड्स भागात रविवारी पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. अशा बाजारांतून जुने अंक धुंडाळणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. काहीजण अंक घेताच पारदर्शक पिशवीत बंद करतात आणि किंमत चढण्याची वाट पाहतात. दुसरे घरी नेऊन आधी तो वाचतात.

तिसरे सालारजंग दुसऱ्या प्रकारातले होते. त्यांनी ओतलेल्या पैशाला गुंतवणूक म्हणायचे तर तिच्यातून त्यांच्या हाती काहीच परत आले नाही. व्यापाऱ्याच्या वहीत हा नुसता खर्च ठरतो. पण गुंतवणूक म्हणून जमवलेली वस्तू भाव येताच मालकाला सोडून जाते. सालारजंगांचा संग्रह एकत्र राहिला, याचे एक कारण हेच की तो विकण्यासाठी जमवलेला नव्हता.

तो विखुरला जाण्याची वेळ मात्र एकदा अगदी जवळ येऊन गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि निजामाची सत्ता संपली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४९ रोजी, नवाबांचे निधन झाले. दायरा मीर मोमीन या दफनभूमीत, आपल्या पूर्वजांजवळ, ते विसावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादेतील जहागिरी रद्द झाल्या. ज्या उत्पन्नावर हा संग्रह उभा राहिला, ते उत्पन्न आणि ज्याने तो उभा केला तो माणूस, दोन्ही काही महिन्यांच्या अंतराने नाहीसे झाले. नवाबांना मूलबाळ नव्हते. नातलग अनेक होते आणि मालमत्तेवरील हक्कही अनेकांचे होते. देशातील कितीतरी संस्थानिकांचे खजिने त्या काळात वाटणीत फुटले आणि तुकड्यातुकड्यांनी लिलावात गेले. दिवाण देवडीतील वस्तूंचेही तसे होऊ शकले असते.

ते टळले, कारण काही माणसांनी वेळीच पाऊल उचलले. मालमत्तेच्या देखभालीसाठी सरकारने समिती नेमली. हैदराबादचा कारभार पाहणारे मुख्य प्रशासक एम. के. वेल्लोडी यांनी संग्रहालयाची कल्पना पुढे आणली. आयर्लंडमध्ये जन्मलेले कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे नवाबांच्या वेगवेगळ्या वाड्यांत पसरलेल्या वस्तू मांडण्याचे काम सोपवण्यात आले. १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीतच पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले. वारसांशी उच्च न्यायालयात १९५८ साली तडजोड झाली आणि संग्रह केंद्र सरकारकडे आला. १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, संसदेने कायदा करून या संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. १९६८ साली ते मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आले. तीन पिढ्यांनी जमवलेल्या ४० हजारांहून अधिक कलावस्तू तिथे आहेत. त्यांतील सर्वांत मोठा वाटा तिसऱ्या सालारजंगांचा आहे. हस्तलिखिते आणि हजारो छापील पुस्तके वेगळीच.

सगळेच वाचले असे मात्र नाही. नवाबांच्या मृत्यूनंतरच्या गोंधळात आणि पुढच्या हलवाहलवीत बऱ्याच वस्तू गहाळ झाल्या, असे हैदराबादेत मानले जाते. आणि ज्या वाड्यात हा संग्रह वाढला, तो वाडाही उरला नाही. दिवाण देवडीचा बहुतेक भाग पाडला गेला आणि त्या जागी कापडाचा बाजार उभा राहिला. एकेकाळी परदेशी व्यापारी पेट्या घेऊन जिथे वाट पाहत उभे राहत, तिथे आज दुकानदार गिऱ्हाइकांपुढे साड्यांच्या घड्या उलगडतात.

दिवाण म्हणून युसुफ अली खान यांची कारकीर्द जेमतेम अडीच वर्षांची. त्यांनी काढलेले हुकूम आज कुणाला आठवत नाहीत. त्यांना सोडाव्या लागलेल्या पदाचे महत्त्व राज्याबरोबर संपले, जहागीर कायद्याने गेली, वाडा पडला. त्यांनी हौसेखातर आणलेली खेळणी मात्र काचेआड शाबूत आहेत, आणि शाळेच्या सहलीने आलेली मुले त्या काचेला नाक लावून आजही ती पाहत असतात.