इंदूरच्या उकिरड्याला जगभर नेणारा माणूस : सर अल्बर्ट हॉवर्ड

कृषी पदविका केलेल्या कुणालाही कंपोस्टच्या पद्धती विचारा. इंदूर पद्धत, बंगलोर पद्धत, नाडेप, अशी नावं तो लगेच सांगेल. यातलं पहिलं नाव होळकरांच्या इंदूरचं आहे, हे सगळ्यांना दिसतं. पण ती पद्धत बसवणारा इंग्रज कोण होता आणि त्याच्या जोडीला कोणता मराठी माणूस होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या शेतकरी घरातला. म्हणजे शेण आणि माती त्यांना पुस्तकातून कळली नव्हती. लंडन आणि केंब्रिजमध्ये विज्ञान शिकून ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीजला गेले. तिथं काम होतं पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास. रोग सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, उपाय कागदावर लिहिता येत होता. पण तो करून बघायला स्वतःचं शेत नव्हतं. ही खंत त्यांना पुढं आयुष्यभर पुरली.

पुसाची ७५ एकर जमीन

१९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाय यांच्याशी त्यांचं लग्न झालं. गॅब्रिएल नुसत्या साहेबाच्या पत्नी नव्हत्या, बरं का. प्रकाश आणि तापमान यांचा पानाच्या अन्न तयार करण्याच्या कामावर काय परिणाम होतो, यावर त्यांनी केंब्रिजमध्ये नावाजलेलं संशोधन केलं होतं. पुढची पंचवीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं. पुसा ४, पुसा १२ या गव्हाच्या जाती या जोडप्याच्याच.

पुसाला हॉवर्ड यांना ७५ एकर जमीन मिळाली. तिथं त्यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं बघून शेती करायला सुरुवात केली. हे शेतकरी विकतचं खत घालत नव्हते, फवारणी करत नव्हते, तरी त्यांची पिकं बऱ्यापैकी तगून होती. हॉवर्डनी शेतकरी आणि कीड या दोघांनाही आपले गुरू मानलं. कीड आली म्हणजे जमिनीचं किंवा मुळाचं कुठं तरी बिनसलंय, असं ते समजू लागले. पिकाच्या मुळांना हवा मिळते का, पाणी साचतं का, हे ते खणून बघत.

पण संस्थेत बुरशीवाला वेगळा, किडीवाला वेगळा, रसायनवाला वेगळा. एकच झाड चार खात्यांत वाटलेलं. अख्खं पीक एका नजरेनं बघायचं तर आपली वेगळी संस्था हवी, असं दोघांनी ठरवलं.

होळकरांची जमीन, काळी माती

१९२४ मध्ये ती संस्था इंदूरला उभी राहिली. नाव, इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री. होळकर दरबारानं ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या करारानं दिली. पैसा आला भारतीय मध्यवर्ती कापूस समितीकडून आणि मध्य भारतातल्या संस्थानांकडून.

माळव्याची माती आपल्याला ओळखीची आहे. विदर्भ-खानदेशातल्यासारखीच काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चिखल. त्यात पिढ्यान्‌पिढ्या पीक काढलेलं आणि परत काहीच न टाकलेलं. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जायच्या, पऱ्हाट्या आणि तुराट्या जळणात. जमिनीतून निघालेलं धुरावाटे निघून जायचं. जमीन हलकी आहे असं आपण सहज म्हणतो; हॉवर्ड यांच्या लेखी ती हलकी केली गेली होती.

पण पऱ्हाटी तशीच शेतात गाडली तर? तर पीक पिवळं पडतं. कारण काडीत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. ती कुजवणारे जीवाणू लागणारं नत्र जमिनीतून उचलतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. म्हणून काडी आधी बाहेर कुजवायची आणि मग शेतात न्यायची. हे कुजवणं अंदाजपंचे न ठेवता मोजून-मापून बसवायचं काम संस्थेतल्या यशवंत वाड या मराठी रसायनतज्ज्ञानं हॉवर्ड यांच्याबरोबर केलं.

रीत अशी. कडक काड्या गाडीरस्त्यावर पसरायच्या, चाकाखाली त्यांचा चुरा होतो. मग पालापाचोळा, तण मिसळून ते गोठ्यात जनावरांखाली अंथरायचं. त्यातून गोमूत्र वाया जात नाही. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यात हे थर टाकायचे, त्यावर गोमूत्राची माती, राख आणि शेणकाला शिंपडायचा. सुरुवातीला कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण ३३ ला १ ठेवायचं. सोळा दिवसांनी, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी ढीग परतायचा, ओल आणि हवा दोन्ही राखायची. तीन महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत तयार. तेव्हा ते प्रमाण १० ला १ च्या आसपास आलेलं असतं. पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरतो, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग.

यात सगळंच नवीन होतं असं नाही. चीनमधले शेतकरी असं खत शतकानुशतकं करत आले होते, आणि हॉवर्ड ते मान्य करत. इंदूरनं त्याला हिशोब दिला, वेळापत्रक दिलं.

गॅब्रिएल गेल्या, पद्धत निघाली

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्याच १९३१ साली शेतीतल्या टाकाऊ मालापासून खत करण्यावरचं हॉवर्ड आणि वाड यांचं पुस्तक ऑक्सफर्डनं छापलं. मुखपृष्ठावर दोघांचीही नावं आहेत. पुढं जगानं त्यातलं एकच लक्षात ठेवलं.

पद्धत मात्र केनियाच्या कॉफीमळ्यांपर्यंत आणि सिलोनच्या चहामळ्यांपर्यंत गेली. १९३५ मध्ये महात्मा गांधी इंदूरला आले, तेव्हा त्यांनी संस्थेत जाऊन हे काम पाहिलं. १९४० मध्ये हॉवर्ड यांचं ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट आलं आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीला पाया मिळाला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी ते वारले.

बरोबर किती, चूक किती

हॉवर्ड हट्टी होते. रासायनिक खतांवर त्यांनी सरसकट टीका केली. कसदार जमिनीतल्या पिकाला आणि ते खाणाऱ्या जनावराला रोग होतच नाही, इथपर्यंत ते गेले. ते काही सिद्ध झालं नाही. रासायनिक खतानं उत्पन्न वाढतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

पण एका बाबतीत ते काळाच्या पुढं होते. मुळं आणि जमिनीतली बुरशी यांची भागीदारी पिकाला जगवते, यावर त्यांनी उतारवयात फार भर दिला. आज त्याची कळ सापडली आहे. स्फुरद कमी पडलं की पीक मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं द्रव्य सोडतं. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यानं बुरशीला फांद्या फुटतात आणि ती मुळाकडे येते. बुरशी दूरचं स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. २००८ मध्ये कळलं की हेच द्रव्य झाडाच्या आत संप्रेरक म्हणूनही काम करतं आणि फुटवे आवरतं. म्हणजे उपाशी झाड वर पसारा कमी करून खाली मदतीला हाक मारतं. हॉवर्डना हे रसायन ठाऊक नव्हतं, पण हाकेला ओ देणारा जमिनीत कुणी तरी जिवंत असायला हवा, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

इंदूरच्या त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. पुढं यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यातली नाडेप पद्धत दिली. तीही काडीकचऱ्यातूनच सोनं काढणारी. तरी हंगाम संपला की पऱ्हाटीला काडी लावणारे बांध आजही दिसतात, नर्मदेच्या अलीकडेही आणि पलीकडेही. काडी लावायच्या आधी तीन महिने थांबता येतं, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मातीत मोजून ठेवलेलं आहे.