माणशी अर्धा एकर : पाणी पंचायतीचे विलासराव साळुंखे

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला जे दिवस दाखविले, त्यांच्या आठवणी सांगणारी पिढी आता थकली आहे. गावोगावी दुष्काळी कामे निघाली, हजारो शेतकरी आपलीच जमीन ओस टाकून रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसले. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका त्याला अपवाद नव्हता. पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणे तयार करणारा कारखाना चालविणारे तिशीतील अभियंते विलासराव साळुंखे या काळात पुरंदरमध्ये गेले आणि तेथील दृश्य पाहून अस्वस्थ झाले. एवढे मनुष्यबळ, एवढा सरकारी पैसा खर्ची पडत होता. पण पुढच्या वर्षी पाऊस पुन्हा रुसला तर याच लोकांना पुन्हा खडीच फोडावी लागणार होती. हेच हात पाणी अडविण्याच्या कामाला का लावू नयेत, या प्रश्नाने त्यांची पाठ पुढे तीस वर्षे सोडली नाही.

पाणलोट विकास, लोकसहभाग, पाण्याचा ताळेबंद हे शब्द आज सरकारी परिपत्रकांतही सर्रास वापरले जातात. अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावे तर देशभर पोहोचली आहेत. त्या साऱ्या परंपरेच्या मुळाशी असलेल्या साळुंखे यांचे नाव मात्र शहरी वाचकाच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले आहे.

साळुंखे यांनी उपदेशाने सुरुवात केली नाही. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि पुरंदरमधील नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. ही जमीन उताराची, धूप झालेली आणि जवळजवळ पडीक होती. गावातील कोणालाही हेवा वाटू नये अशीच म्हणा ना! तेथे झोपडी बांधून ते राहिले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळीवर बांध घातले, उताराच्या शेवटी पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खोदली आणि पाझरून आलेले पाणी पंपाने पुन्हा वरच्या शेतात नेले. वरकस भागावर झाडे व गवत, मधल्या पट्ट्यात धान्य, अशी आखणी झाली. पावसाचा थेंब ज्या रानात पडला, त्याच रानात त्याला राबविण्याची ही रचना होती. पर्जन्यछायेतील या माळावर काही वर्षांतच भरवशाची पिके उभी राहिली. आजूबाजूच्या गावांतील शेतकरी पाहायला येऊ लागले, आणि साळुंखे यांची शाळा खऱ्या अर्थाने तेथे भरू लागली.

पाणी अडविण्याचे तंत्र त्यांच्या आधीही अनेकांना ठाऊक होते. साळुंखे यांचे वेगळेपण त्या पुढच्या प्रश्नात आहे. अडविलेले पाणी कोणाचे? ज्याच्या बांधाला विहीर त्याचे, ज्याची जमीन मोठी त्याचे, की ज्याच्याकडे मोटार बसवायला पैसा त्याचे? गावाच्या श्रमातून साठलेले पाणी दोन-चार सधन शेतकऱ्यांच्या उसात जिरणार असेल, तर पाणलोटाचे सारे काम व्यर्थ आहे, असे त्यांचे स्पष्ट मत बनले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेली पाणी पंचायत हे त्यांनी शोधलेले उत्तर होते.

तिचे नियम मोजके होते, पण प्रस्थापित व्यवहाराला सुरुंग लावणारे होते. उपसा योजना एकट्या शेतकऱ्यासाठी नव्हे, तर गटासाठीच घ्यायची. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर ठरायचा. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. वीस एकरांचा धनी असला तरी त्याला अडीच एकरांचेच पाणी. हा हक्क जमिनीला चिकटलेला नव्हता. जमीन विकली तरी पाणी विकता येत नव्हते. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा होता. उसासारखी बारमाही पाणी पिणारी पिके वर्ज्य होती. खर्चाचा एक पंचमांश भाग सभासदांनी आधी भरायचा. निम्मा वाटा शासकीय अनुदानाचा आणि उरलेला प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जाचा, अशी मांडणी होती. पाणी सोडण्यासाठी सभासदांनीच पाटकरी नेमायचा.

माणशी अर्धा एकर हे माप हवेतून आलेले नव्हते. अर्ध्या एकरावर वर्षभरात सुमारे पन्नास सेंटिमीटर उंचीचे पाणी दिले, तर ते साधारण हजार घनमीटर होते. एका माणसाचे वर्षाचे धान्य आणि थोडीफार मिळकत यातून निघावी, हा त्यामागचा हिशेब. कारखान्यात सूक्ष्म मापांशी खेळणाऱ्या अभियंत्याने पाण्यालाही तेच शिस्तीचे माप लावले. फरक इतकाच, की हे माप त्यांनी निरक्षर शेतकऱ्यालाही बैठकीत तोंडी मांडता येईल इतके सोपे ठेवले. आपल्या वाट्याचे पाणी किती आणि शेजाऱ्याचे किती, हे ज्याला ठाऊक आहे, तो पाटकऱ्याला जाब विचारू शकतो. पाणी पंचायतीच्या लोकशिक्षणाचे मर्म या साध्या गणितात होते.

अर्थात, ज्यांच्या हातातून पाणी निसटणार होते त्यांना हे गणित रुचणे शक्य नव्हते. शेकड्याने एकर असलेल्याला अडीच एकरांवर आणणारी आणि भूमिहीनाला त्याच्या पंक्तीला बसविणारी योजना गावातील सत्तेच्या उतरंडीलाच हात घालत होती. त्यातून उसाला नकार! साखर कारखान्यांभोवती राजकारण फिरणाऱ्या राज्यात ही भूमिका घेणे सोपे नव्हते. तरीही पुरंदर आणि लगतच्या भागात अशा अनेक योजना उभ्या राहिल्या.

नगर जिल्ह्याचा संबंध येथे येतो. लष्करातून १९७५ मध्ये गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी साळुंखे यांचे काम पाहिले आणि पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत पाणलोटाची कामे हाती घेतली. पाझर तलावाची गळती श्रमदानातून थांबविण्यात आली, पुढे नालाबांध, बंधारे झाले, सामुदायिक विहिरींचे पाणी पाळीने वाटले जाऊ लागले आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर गावाने बंधन घातले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर नगर तालुक्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअरवेल न घेण्याचा आणि ऊस-केळी टाळण्याचा निर्णय घेतला. पावसाचे मोजमाप करून ग्रामसभेत पिके ठरविण्याची पद्धतही तेथे रुजली. ज्या जिल्ह्याने प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, त्याच जिल्ह्यातील कोरडवाहू गावांनी ऊस नाकारावा, यातील विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

मात्र नायगावचा धडा पुढे जाताना अर्धाच उचलला गेला, हेही नोंदविले पाहिजे. बांध, बंधारे, पीकबंधने, श्रमदान यांचा प्रसार झाला. माणशी पाण्याचा आणि भूमिहीनांच्या हक्काचा भाग फारसा कोठे रुजला नाही. दगडमातीच्या कामाला विरोध होत नाही, वाटणीला होतो. खुद्द पुरंदरमध्येही कालांतराने अनेक योजना बंद पडल्या. विजेचा खर्च, वसुलीतील ढिलाई, खासगी विहिरींची वाढ आणि नव्या पिढीला खुणावणारी नगदी पिके यांचा तो परिणाम होता. साळुंखे यांनी आखलेली शिस्त दर हंगामात नव्याने पाळावी लागणारी होती, आणि ती पाळून घेणारी माणसे सर्वत्र नव्हती.

एप्रिल २००२ मध्ये साळुंखे यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी कल्पनाताई साळुंखे यांनी प्रतिष्ठानचे काम पुढे चालविले. त्याच २००२ साली ओरिसा सरकारने पाणीवापर संस्थांसाठी कायदा केला आणि त्याला नाव दिले पाणी पंचायतीचेच. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा मंजूर केला. दोन्ही कायद्यांत संस्थेचा सभासद होण्यासाठी लाभक्षेत्रात जमीन असावी लागते.