यशवंतराव होळकर आणि १८०१ सालचे उज्जैन

आपण उज्जैनचे मराठी लोक राणोजी आणि महादजी शिंद्यांचे नाव अभिमानाने घेतो. ही नगरी शिंद्यांची राजधानी होती. हीच राजधानी त्यांच्याशी लढून जिंकणाऱ्या यशवंतराव होळकरांचीही आठवण आपण ठेवायला हवी.

यशवंतराव हे तुकोजीराव होळकरांचे पुत्र. जन्म १७७६ चा. १७९७ मध्ये तुकोजीराव वारले आणि लगेचच दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात यशवंतरावांचे बंधू मल्हारराव यांना ठार केले. यशवंतराव निसटले आणि मूठभर स्वारांपासून सुरुवात करून त्यांनी माळव्यात मोठी फौज उभी केली. एप्रिल १८०१ मध्ये दुसरे बंधू विठोजी यांना बाजीराव पेशव्यांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले.

त्याच वर्षी दौलतराव माळव्याकडे निघाले. ते स्वतः बुऱ्हाणपुरास थांबले आणि फौज तुकड्यातुकड्यांनी नर्मदेपार धाडली. हेसिंगची पलटणे उज्जैनला पोचली, मॅकिंटायरची मागे वाटेत राहिली, तर तोफखाना ब्राउनरिगच्या हवाली नर्मदेजवळच होता. वेळ पडल्यास एकाने दुसऱ्याच्या मदतीला धावावे, एवढे ते जवळ नव्हते. यशवंतरावांनी हे हेरले. आधी नेवरीजवळ मॅकिंटायरला घेरून शरण आणले, मग जुलैत उज्जैनपाशी हेसिंगचा पुरता मोड केला. शहराला खंडणी भरावी लागली. ब्राउनरिगने मात्र त्यांना परतवले, आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटून सूड उगवला.

पुढे २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतरावांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. १८०४ मध्ये मुकुंदरा खिंडीपासून इंग्रजांच्या मॉन्सनला ऐन पावसाळ्यात पिटाळले. पण त्याच नोव्हेंबरात त्यांची स्वतःची फौजही विभागली गेली. पायदळ आणि तोफा डीगला, घोडदळ यमुनेपलीकडे. डीगचा पराभव १३ तारखेचा, फर्रुखाबादेस घोडदळावर छापा १७ तारखेचा. उज्जैनला शिंद्यांची जी चूक त्यांनी हेरली होती, तीच त्यांना भोवली.

डिसेंबर १८०५ मध्ये इंग्रजांशी तह झाला. त्यानंतर त्यांनी भानपुऱ्यात तोफांचा कारखाना उभारला आणि तिथेच ऑक्टोबर १८११ मध्ये त्यांचे निधन झाले.

फौजेच्या तुकड्या वेगळ्या पडल्या, तसेच शिंदे आणि होळकरही. दोघांनाही इंग्रजांनी एकेकटे गाठले. भानपुऱ्याला यशवंतरावांची छत्री आहे. त्या बाजूला गेलो की आपण तिथे क्षणभर थांबावे.