नेव्हिल डिसोझा

नेव्हिल डिसोझा (३ ऑक्टोबर, इ.स. १९३२ - १६ मार्च, इ.स. १९८०) हे भारतीय फुटबॉल खेळाडू होते. गोव्यातील आसगाव हे त्यांचे जन्मस्थान, तर मुंबई ही त्यांची कर्मभूमी होती. ते आघाडीच्या फळीत मध्यभागी खेळत. इ.स. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोलांची हॅटट्रिक नोंदवली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. भारतीय संघाने ऑलिंपिक स्पर्धांत आजवर केलेल्या एकूण १० गोलांपैकी ४ गोल एकट्या डिसोझा यांचे आहेत, आणि ते चारही त्यांनी चार दिवसांच्या अवधीत केलेले आहेत.

पार्श्वभूमी

आसगाव हे बार्देश तालुक्यातील गाव आहे. डिसोझा यांच्या जन्माच्या वेळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. गोव्यात फुटबॉलचा आरंभ इ.स. १८८३मध्ये याच तालुक्यातील शिवोली येथे झाला, असे मानले जाते. तेथे प्रकृतिस्वास्थ्यासाठी आलेले धर्मगुरू विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी हा खेळ स्थानिक मुलांना शिकवला. पुढे नोकरी-शिक्षणासाठी मुंबईत आलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी आपल्याबरोबर फुटबॉलची आवडही आणली. धोबी तलाव परिसरातील गोमंतकीयांच्या सामाईक निवासांत, म्हणजे कुडींत, गावोगावची तरुण मुले एकत्र राहत आणि सुटीच्या दिवशी मैदान गाठत. मुंबईच्या फुटबॉलला या समाजाने अनेक खेळाडू दिले. नेव्हिल यांचे बंधू डेरेक डिसोझा हेही भारताकडून खेळले.

स्थानिक कारकीर्द

त्या काळी भारतात फुटबॉल हा आजच्या अर्थाने व्यवसाय नव्हता. मुंबईत मोठ्या कंपन्यांचे संघ असत. त्यांतील खेळाडू बहुधा त्या त्या कंपनीत नोकरी करून सायंकाळी सराव करीत. युरोपातील खेळाडूंप्रमाणे केवळ खेळावर उदरनिर्वाह करणे त्यांना शक्य नव्हते. डिसोझा यांची कारकीर्द याच व्यवस्थेत घडली. ते टाटा स्पोर्ट्‌स क्लब व नंतर कॅलटेक्स या संघांकडून खेळले. कॅलटेक्सने इ.स. १९५८मध्ये रोव्हर्स चषक जिंकला. ही स्पर्धा मुंबईच्या कूपरेज मैदानावर होत असे; ती इ.स. १८९१मध्ये सुरू झाली होती आणि देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांमध्ये तिची गणना होत असे. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या संतोष करंडक स्पर्धेत डिसोझा यांनी मुंबईचे प्रतिनिधित्व केले. मुंबईने हा करंडक प्रथमच जिंकला तो इ.स. १९५४मध्ये.

मेलबर्न ऑलिंपिक

स्वातंत्र्यानंतर भारतीय संघ इ.स. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असा निसटता पराभव झाला. इ.स. १९५२मध्ये हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्यानंतर भारतीय खेळाडूंना बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. इ.स. १९५६चा संघ सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवला. हैदराबादचे रहीम मूळचे शिक्षक होते. समर बॅनर्जी हे संघनायक होते. प्रदीपकुमार बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज असे पुढे नावारूपास आलेले खेळाडू या संघात होते.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरी हा आधीच्या ऑलिंपिकचा विजेता संघ होता. परंतु त्याने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. ९व्या मिनिटाला डिसोझा यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. १७व्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला डिसोझा यांनी दुसरा गोल केला. ४१व्या मिनिटाला मॉरो यांनी त्यालाही उत्तर दिले. मध्यंतरानंतर ५०व्या मिनिटाला डिसोझा यांनी तिसरा गोल केला. ही आघाडी ऑस्ट्रेलियाला भरून काढता आली नाही. ८०व्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल करून ४-२ असा विजय निश्चित केला.

४ डिसेंबरच्या उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. चार वर्षांपूर्वीच्या दारुण पराभवाची आठवण ताजी असताना भारताने पूर्वार्धात एकही गोल होऊ दिला नाही. ५२व्या मिनिटाला डिसोझा यांनी गोल केला आणि भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. ही आघाडी अवघी दोन मिनिटे टिकली. युगोस्लाव्हियाने ५४, ५७ आणि ६५व्या मिनिटांना गोल केले. ७८व्या मिनिटाला भारताकडून स्वयंगोल झाला आणि सामना १-४ असा संपला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारतावर ३-० अशी मात केली.

भारत चौथ्या स्थानी राहिला. डिसोझा हे ४ गोलांसह युगोस्लाव्हियाचे तोडोर व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे दिमितर मिलानोव्ह यांच्या बरोबरीने स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

मेलबर्नमध्ये हे सामने चालू होते तेव्हा डिसोझा यांचे जन्मगाव भारतात समाविष्ट झालेले नव्हते. इ.स. १९५५च्या सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर गोव्याची सीमा बंद झाली होती. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर, इ.स. १९६१ रोजी, म्हणजे त्या हॅटट्रिकनंतर पाच वर्षांनी.

मूल्यमापन

मेलबर्नच्या स्पर्धेत अनेक देशांनी माघार घेतल्यामुळे केवळ ११ संघ खेळले आणि भारताला उपांत्य फेरीसाठी एकच सामना जिंकावा लागला, हे यशाचे मोजमाप करताना लक्षात घ्यावे लागते. तथापि उपांत्य सामन्यात भारताने ज्या संघावर आघाडी घेतली, तो रौप्यपदक विजेता ठरला. तसेच ऑलिंपिकनंतर लगेच सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरवले. त्यामुळे उपांत्यपूर्व फेरीतील विजय निव्वळ योगायोगाचा म्हणता येत नाही. इ.स. १९६०च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय फुटबॉल संघ या स्पर्धेस पुन्हा पात्र ठरलेला नाही. चौथे स्थान ही भारताची ऑलिंपिक फुटबॉलमधील सर्वोच्च कामगिरी राहिली आहे.

अर्जुन पुरस्कार इ.स. १९६१पासून दिला जाऊ लागला. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि बलराम या डिसोझा यांच्या मेलबर्नमधील सहकाऱ्यांना पहिल्या दोन वर्षांतच तो मिळाला. डिसोझा यांचे नाव या पुरस्काराच्या मानकऱ्यांत नाही.

निधन

१६ मार्च, इ.स. १९८० रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी नेव्हिल डिसोझा यांचे निधन झाले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्यांच्याव्यतिरिक्त एकाही भारतीय खेळाडूला हॅटट्रिक साधता आलेली नाही.