परदेश सोपा होता, बडोदा अवघड होते

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेलेल्या वसमत तालुक्यातील एका मुलाचा पहिल्याच महिन्यात फोन आला. जेवण घशाखाली उतरत नाही, बोललेले कळत नाही, परत येऊ का, असे विचारत होता. त्याला बाबासाहेबांची हकीगत सांगितली. तीच येथे मांडतो.

1913 च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा ते 22 वर्षांचे होते. सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करारही त्यांनी सही करून दिला होता. (आम्हा वकिलांची नजर करारावर आधी जाते, त्याला इलाज नाही!) वसतिगृहातले कच्चे, बेचव जेवण त्यांनाही रुचले नाही. आठवडाभरात त्यांनी मुक्काम हलवला. सुरुवातीचे काही दिवस खेळण्या-फिरण्यातही गेले. महामानवसुद्धा आधी विद्यार्थीच होता, हे आपण विसरतो. पुढे नवल भथेना नावाचा पारशी मित्र खोलीवर सोबतीला मिळाला आणि ही मैत्री जन्मभर टिकली. तिथे एका टेबलावर सर्वांबरोबर बसून जेवता येत होते. जात कोणी विचारत नव्हते. 1915 मध्ये एम.ए. झाले, 1916 मध्ये लंडन गाठले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांची मुभा मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती.

आणि मग बडोदा. कराराप्रमाणे नोकरीवर रुजू व्हायला आलेल्या या उच्चविद्याविभूषित माणसाला राहायला खोली मिळेना! नाव बदलून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. सातासमुद्रापलीकडे ज्याला घर मिळाले, त्याला आपल्या धन्याच्या राजधानीत झाडाखाली बसून रडावे लागले. परक्या देशाशी जुळवून घ्यायला त्यांना काही महिने लागले असतील. या देशाने त्यांच्याशी कधी जुळवून घेतले?

सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांचे कर्ज घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मुभेची मुदत सरत आलेली, पैसा मोजका. सकाळी घरमालकिणीचा पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. इकडे मुंबईत रमाई संसाराचा गाडा ओढत होत्या. त्यांचे हाल या हिशेबात धरलेच पाहिजेत. प्राइमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब राहत होते. ते 10 क्रमांकाचे घर 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. 1921 मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले, तेव्हा 1923 मध्ये मुंबईत परतून तो सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. पदरात पाडून घेतली.

हे ऐकून तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, शिकून हिंगोलीला आलो तर भाड्याने खोली मिळेल का? मी बारमध्ये वीस वर्षे बोलतो आहे, पण त्याला चटकन हो म्हणता आले नाही. पापड मात्र पोस्टाने पाठवले.